आईच्या गुडघ्याचा फोटो आणि आईचा गुडघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. आई ६१ वर्षांच्या. गाव खानापूर तालुक्यात, घरची भाताची शेती, अजूनही रानात जातात. मधुमेह आहे, बीपीची गोळी रोजची. चार वर्षांपासून दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. बेळगावात एक्स-रे काढला तेव्हा एका डॉक्टरांनी सांगितलं, "ग्रेड थ्री आहे, गॅप संपलाय, दोन्ही गुडघे बदलून घ्या, उशीर केला तर अवघड जाईल." दुसऱ्यांनी सांगितलं, "चालणं कमी करा, जिना बंद, जेलचं इंजेक्शन देऊन बघू." मधल्या मध्ये मामांनी बाजारातून एक पूड आणून दिली आणि तिनं म्हणे आठवड्यात गुण आला. तुम्ही पुण्यात नोकरीला. आणि विचारताय की ऑपरेशन करायचं की नाही, आणि नाही केलं तर आईंना चालू द्यायचं की बसवून ठेवायचं.

मी बेळगावात हाडांचा डॉक्टर आहे, २६ वर्षं झाली. गुडघे बदलण्याची ऑपरेशनं मी स्वतः करतो, तेव्हा ऑपरेशनवर माझा राग आहे असं समजू नका. पण आईंच्या गुडघ्याला हात लावल्याशिवाय "करा" किंवा "करू नका" असं मी इथून सांगणार नाही. वजन किती, पाय वाकडे झालेत का, गुडघा पूर्ण सरळ होतो का, साखर किती, यावर बरंच अवलंबून आहे आणि यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. विचार कसा करायचा तेवढं मात्र सांगता येईल.

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेत. फोटोत काय दिसतं, आईंना दुखतं ते कशामुळे, आणि त्या दुखण्यानं त्यांचं काय काय अडतं. तुम्हाला मिळालेले सल्ले पहिल्या प्रश्नाचं उत्तर बघून दिलेत. निर्णय मात्र तिसऱ्यावर घ्यायचा असतो, आणि उपचार बहुतेक वेळा दुसऱ्यावर.

आपल्याकडे कुणी म्हणतं वाटी झिजली, कुणी गादी गेली, कुणी वंगण संपलं. उद्यमबागेतले फौंड्रीत काम करणारे पेशंट तर सरळ सांगतात, "बेअरिंग गेलंय डॉक्टर." खरं तर बहुतेकांची वाटी एवढी झिजलेली नसते. झीज जास्त होते ती मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथं एकमेकांवर टेकतात तिथं, त्यातही आतल्या बाजूला, कारण आपल्या लोकांचे पाय वयानुसार धनुष्यासारखे बाहेर वाकत जातात आणि सगळा भार आतल्या कडेवर येतो. कोंबडीची तंगडी खाताना हाडाच्या टोकाला पांढरा, चकचकीत, किंचित निळसर थर दिसतो बघा, तोच कूर्चा. आपल्या गुडघ्यात तो जेमतेम काही मिलिमीटर जाड असतो. तो खरबरीत होतो, पातळ होतो, मग त्याखालचं हाड जाड व्हायला लागतं आणि कडेला हाडाचे कोंब फुटतात.

आता इथली गोष्ट बहुतेक कुणी सांगत नाही. कूर्चेला नसा नाहीत आणि रक्तवाहिन्याही नाहीत. त्यामुळे कूर्चा झिजते ती स्वतः दुखून सांगू शकत नाही. दुखतं ते सांध्याच्या आतलं अस्तर सुजल्यामुळे, कूर्चेखालच्या हाडावर ताण आल्यामुळे, भोवतीचे स्नायुबंध ओढले गेल्यामुळे आणि मांडीचे स्नायू थकल्यामुळे. म्हणून तर गुडघा आषाढात हैराण करतो आणि दिवाळीला जरा गप्प होतो. दोन्ही वेळा फोटो काढला तर फोटो तोच येईल. सूज उतरू शकते, स्नायू भरून येऊ शकतात. फोटोतला गॅप परत येत नाही, पण तो परत आणायची गरजही नसते.

बेअरिंगच्या उपमेनं आणखी एक घोटाळा केलाय. बेअरिंग जितकं फिरेल तितकं झिजेल, म्हणून माणसाला वाटतं गुडघाही वापरला की झिजणार, मग जपून ठेवलेला बरा. पण गुडघा जिवंत आहे. कूर्चेला रक्त मिळत नाही, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. भार पडला की ती स्पंजासारखी दबते, भार सुटला की द्रव आत घेते. न चालणाऱ्या माणसाच्या कूर्चेला हे दाबणं-सुटणं मिळत नाही.

फोटोबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण तुमच्या घरातली सगळी भीती तिथून आलीय. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. दोन हाडांमधली मोकळी जागा दिसते आणि त्यावरून आपण कूर्चा किती उरली याचा अंदाज करतो. तो अंदाज बरोबर यायला पेशंट उभा पाहिजे, अंगाचा भार पायांवर पाहिजे. टेबलावर झोपवून काढलेल्या फोटोत गॅप असतो त्यापेक्षा मोठा दिसू शकतो. ग्रेडची जी पद्धत आहे ती १९५७ मध्ये केलग्रेन आणि लॉरेन्स या दोघांनी मांडली, शून्य ते चार. जागा किती कमी झाली आणि कोंब किती फुटले यावर ती ठरते. माणसाला किती दुखतं, किती चालता येतं, हे तिच्यात कुठेच मोजलेलं नाही.

वडगावातले एक विणकर माझ्याकडे आले होते, पन्नाशी ओलांडलेले, सगळं आयुष्य मागावर गेलेलं. तक्रार डाव्या गुडघ्याची. रात्री कूस बदलताना कळ यायची, जिना उतरताना बायकोच्या खांद्यावर हात ठेवायचे. मी दोन्ही गुडघ्यांचा फोटो काढायला लावला. डावा ग्रेड दोन. उजवा, जो बिलकूल दुखत नव्हता, तो ग्रेड चार, हाडावर हाड. मला वाटलं टेक्निशियननं डावं-उजवं उलटं लिहिलं, म्हणून पुन्हा काढायला सांगितला. लिहिलेलं बरोबर होतं. मग टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजल्या. डावी दोन सेंटिमीटरनं बारीक निघाली. विचारल्यावर आठवलं त्यांना, दोन वर्षांपूर्वी डाव्या घोट्याला प्लास्टर होतं. प्लास्टर निघालं, घोटा बरा झाला, पण मांडी पुन्हा भरलीच नाही आणि कुणी भरायला सांगितलंही नाही. त्यांच्यावर ऑपरेशन करायचं म्हटलं असतं आणि फोटो बघूनच करायचं म्हटलं असतं, तर मी न दुखणारा गुडघा कापला असता.

तेव्हा पहिलं काम म्हणजे दुखणं खरंच झिजेचं आहे का हे बघणं. झिजेच्या गुडघ्याला सकाळी उठल्यावर आखडल्यासारखं होतं, पण चार पावलं टाकली की अर्ध्या तासाच्या आत सुटतं. बसून उठताना दुखतं, उतरताना चढण्यापेक्षा जास्त दुखतं. तास-दीड तास आखडलेलं राहत असेल, हाताची बोटं आणि मनगटंही सुजत असतील, तर तो वेगळा संधिवात आहे आणि त्याची औषधं वेगळी. गुडघा लाल, गरम, सोबत ताप, किंवा अचानक पोटरी सुजणं, किंवा गुडघा मध्येच अडकून सरळ न होणं, यात थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. कधी कधी गुडघा दुखतो आणि बिघाड खुब्यात किंवा कंबरेत असतो, म्हणून खुबा न हलवता, कंबर न बघता केलेली तपासणी अर्धी समजा. आणि युरिक ॲसिड. आपल्या भागात गुडघा दुखला की आधी रक्ताचा रिपोर्ट काढतात आणि जरा वर असलं की डाळ, टोमॅटो, वांगं सगळं बंद. नुसतं युरिक ॲसिड वर असण्यानं चार वर्षं हळूहळू वाढत गेलेलं दुखणं होत नाही. आईंचं जेवण उगाच कुणी तोडलं असेल तर परत चालू करा.

आता चालण्याबद्दल. यात माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल. प्रॅक्टिसच्या पहिल्या वर्षांत मीही हेच सांगायचो: चालणं कमी, जिना बंद, आराम. निपाणीकडच्या एक बाई होत्या, बिड्या वळणाऱ्या, म्हणजे दिवसभर जमिनीवर मांडी घालून, मांडीवर सूप. सकाळ-संध्याकाळ कारखान्यात माल पोचवायला चालत जायच्या, तेवढंच काय ते चालणं. मी ते बंद केलं. वर्षानं आल्या तेव्हा वजन आठ किलोनं वाढलेलं, साखर वर गेलेली, आणि बाकावरून उठायला सुनेचा हात लागत होता. फोटो नवा काढला. जुन्यासारखाच होता. मला त्यांनी दोष दिला नाही. "तुम्ही सांगितला तसाच आराम केला की, डॉक्टर," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मी कुणाला "चालू नका" असं सांगितलेलं नाही. "असं चाला, एवढं चाला" असं सांगतो.

सपाट जागी चालताना दर पावलाला गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो, जिना उतरताना साडेतीन पटीपर्यंत. हे ऐकून लोक घाबरतात, पण हा भार एकटी हाडं झेलत नाहीत. मांडीच्या पुढचा स्नायू गाडीच्या शॉकॲब्सॉर्बरसारखा मध्ये उभा असतो. गुडघ्यात थोडंसं जरी पाणी साचलं तरी शरीर हा स्नायू आपोआप ढिला सोडतं. मग तो बारीक होतो, मग भार थेट सांध्यावर येतो, मग सूज आणखी वाढते. नुसतं पाणी काढून हे चक्र तुटत नाही, मांडी भरावी लागते.

वजन किती ते तुम्ही लिहिलं नाही, पण जास्त असेल तर हे लक्षात ठेवा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात मोजून दिसलं की अंगाचं एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोनं उतरतो. पाच किलो उतरवले तर वीस. खानापुरात सकाळीही भात, दुपारीही भात, रात्रीही भात, मला माहीत आहे, मी त्याच पाण्यावर वाढलोय. एक वेळचा भात अर्धा करून त्या जागी नाचण्याची भाकरी आणि उसळ, एवढ्यानं सुरुवात करा. साखरेलाही तेच लागतं.

व्यायाम तीनच सांगतो, कारण दहा सांगितले की एकही होत नाही. पहिला पलंगावर. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवायची आणि गुडघ्यानं ती खाली दाबायची. मांडीवर हात ठेवून बघायचं, स्नायू दगडासारखा झाला पाहिजे. पाच मोजायचं, सोडायचं, पंधरा वेळा. दुसरा उताणं झोपून. एक पाय दुमडलेला, दुसरा ताठ करून वीतभर वर उचलायचा, पाच मोजून हळूच खाली. पंधरा दिवसांनी सोपा वाटायला लागला की घोट्यावर अर्धा किलो तांदळाची पुरचुंडी बांधायची. तिसरा सगळ्यात कामाचा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि धप्पकन न पडता सावकाश बसायचं. प्लास्टिकची खुर्ची नको, ती मागे सरकते. लाकडी खुर्ची भिंतीला लावून ठेवा किंवा सोप्यातला कट्टा वापरा. उंची कमी पडत असेल तर वर घडी केलेली वाकळ घाला, दर आठवड्याला एकेक घडी कमी करत जा. आठ ते दहा वेळा, मध्ये दम खाऊन तीन फेऱ्या, एक दिवसाआड.

व्यायाम करताना दुखलं तर? इथंच बहुतेकजण सोडून देतात. दहापैकी चार-पाच गुण दुखणं चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. उतरलं नाही किंवा सूज आली तर व्यायाम बंद न करता निम्मा करायचा. पहिल्या महिन्यात काही विशेष फरक दिसत नाही. खरा फरक आठ ते बारा आठवड्यांनी कळतो आणि तोपर्यंत धीर धरणारे थोडे. जवळपास चांगली फिजिओथेरपिस्ट असेल तर पहिले पाच-सहा वेळा तिच्यासमोर करून घ्या. गरम शेक आणि मशीन लावून घरी पाठवणारी नको, उठाबशा काढायला लावणारी बघा.

रान सोडायला सांगू नका. सांगितलं तरी त्या सोडणार नाहीत, आणि घरी बसून आणखी दुखेल. कामं निवडायला सांगा. गुडघ्याला सगळ्यात वाईट म्हणजे उकिडवं बसून पुढे पुढे सरकत केलेली भांगलण. गुडघा पूर्ण दुमडलेला आणि वर अंगाचा भार, तासन्‌तास. तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढतानाही तेच. तिथं वीतभर उंचीचं लाकडी स्टूल घ्यावं आणि अर्ध्या तासानं उभं राहून चार फेऱ्या माराव्यात. भात लावणीत कंबर वाकते, गुडघा फार दुमडत नाही, पण चिखलात रुतलेला पाय पिळून ओढताना कळ येते. पाय आधी सरळ वर उचलायचा आणि मगच वळायचं, एवढं जरी पाळलं तरी फरक पडतो. ही कामं करून करून गुडघे झिजले का, असं मला मुलं अपराधी चेहऱ्यानं विचारतात. वर्षानुवर्षं उकिडवं बसणं हे एक कारण आहे. पण पन्नाशीनंतर बायकांमध्ये हे मुळातच जास्त, घराण्यात असतं, वजन असतं, जुनी दुखापत असते. एकाच गोष्टीवर खापर फोडता येत नाही.

घरात देशी संडास असेल तर आधी तिथं लक्ष द्या. त्यावर ठेवायची स्टीलची कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात मिळते. जमिनीवर बसून भाकरी थापत असतील तर शेगडी ओट्यावर घ्या. काठी वापरायची लाज वाटते सगळ्यांना, आणि जे वापरतात त्यातले निम्मे दुखणाऱ्या बाजूला धरतात. उजवा गुडघा जास्त दुखतो म्हणजे काठी डाव्या हातात, उजव्या पायाबरोबर टेकायची. माझ्या एक पेशंट काठीऐवजी लांब दांड्याची छत्री घेऊन येतात. खानापूरच्या पावसात कुणी विचारतही नाही.

औषधांत पहिलं म्हणजे वरून लावायचं डायक्लोफेनॅकचं जेल. ते बाम लावल्यासारखं एकदा लावून होत नाही, दिवसातून तीन-चार वेळा, किमान दोन आठवडे. गुडघा कातडीच्या जवळ असल्यामुळे औषध आत पोचतं आणि रक्तात फार कमी जातं. पोटात घ्यायच्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या मी तुमच्या आईंसारख्या पेशंटला जपून देतो. मधुमेह, बीपीची गोळी आणि वर ही गोळी, तिन्ही मिळून किडनीवर येतात, शिवाय बीपी चढतं आणि पोटात जखम होऊ शकते. घ्यायचीच झाली तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघून, आठ-दहा दिवस. मेडिकलमधून परस्पर आणलेली पाकिटं घरात पडली असतील तर बाहेर काढा. कूर्चेसाठी म्हणून विकतात ते ग्लुकोसामाइन मी लिहित नाही, पैसे जातात.

त्या पुडीचं मात्र मला खरंच भय वाटतं. आठवडी बाजारात जडीबुटीचा तंबू लावून बसणाऱ्यांची चूर्णं मी इतकी बघितलीत. सगळीच तशी असतात असं म्हणत नाही. पण चार वर्षांचं दुखणं आठवड्यात पळालं, भूक वाढली, तोंड भरल्यासारखं दिसायला लागलं आणि साखर एकदम चढली, तर त्यात स्टिरॉइड कुटून घातलेलं असण्याची शक्यता मोठी. आजच साखर तपासा. आणि तीन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस घेतली असेल तर रागानं एका दिवसात बंद करू नका. बाहेरून स्टिरॉइड मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं, मग अचानक तोडलं तर चक्कर, उलट्या, बीपी पडणं इथपर्यंत जातं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते टप्प्याटप्प्यानं उतरवतील. मामांना दुखवू नका, त्यांनी जिव्हाळ्यानंच आणली.

इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. सांध्यात दिलेलं स्टिरॉइड सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे चांगला आराम देतं. घरात लग्न आहे, गुडघा टम्म फुगलाय, अशा वेळी मी देतो. मधुमेह असेल तर नंतर काही दिवस साखर वर जाते हे आधी सांगतो. पण दर तीन महिन्यांनी देत राहिलं तर कूर्चा उलट जास्त लवकर पातळ होते, असं २०१७ च्या एका चाचणीत दिसलं. सांध्यात वंगण म्हणून भरतात त्या जेलच्या इंजेक्शनाचा फायदा झालाच तर थोडा, आणि खर्च बराच. स्वतःचंच रक्त फिरवून देतात ते पीआरपी, त्याची २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी तुलना झाली, वर्षानं दोन्हींत फरक निघाला नाही. दुर्बिणीतून गुडघा "साफ" करून देतो असंही कुणीतरी सांगेल. २००२ मध्ये ह्यूस्टनमध्ये १८० पेशंटांवर हे तपासलं गेलं, काहींना नुसती कातडीवर चीर देऊन टाके घातले, आणि त्यांना बाकीच्यांएवढंच बरं वाटलं. झिजेसाठी ही दुर्बीण करून घेऊ नका.

राहिलं ऑपरेशन. ते चांगलं आहे, योग्य माणसाला योग्य वेळी केलं तर. बसवलेल्या पूर्ण गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात, असं २०१९ मध्ये मोठ्या नोंदी एकत्र करून काढलं गेलं. दुसरीकडे, पाचातला साधारण एक पेशंट नंतर "पाहिजे तसं नाही झालं" म्हणतो. माझ्या अनुभवात हे बहुतेक करून तेच असतात ज्यांना आधी फार त्रास नव्हता, फोटो बघून घाबरून आले. रात्री झोप मोडते, घरातल्या घरात फिरणं अवघड झालंय, तीन-चार महिने मनापासून व्यायाम करून, वजन उतरवूनही काही हललं नाही, तेव्हा मी स्वतः करा म्हणतो. "उशीर केला तर अवघड" यात थोडं तथ्य आहे, तेही सांगतो. पाय फार वाकडा झाला किंवा गुडघा सरळ होणंच बंद झालं तर ऑपरेशन कठीण होतं. म्हणून सहा महिन्यांनी एकदा दाखवत राहा. त्यासाठी या महिन्यात घाई करायची गरज नसते.

दोन्ही एकदम करायचे का, हे हृदय, वय आणि साखर बघून ठरतं. तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या वर असेल तर मी थांबतो, जखमेत जंतू शिरण्याची भीती असते. ऑपरेशननंतर मांडी घालणं, उकिडवं बसणं सुटतं म्हणूनच धरा, म्हणजे संडास आणि चूल या दोन्हींची सोय आधीच व्हायला हवी. दीड ते तीन महिने घरात हाताशी माणूस लागतं, तेव्हा करायचं ठरलं तर सुगी आटोपल्यावर. खर्चाचं म्हणाल तर २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला लगाम घातला. नेहमीचा कोबाल्ट-क्रोमचा सांधा दीड लाखाच्या वरून ५४,७२० रुपये अधिक जीएसटी इतका खाली आला. बिल दाखवताना "सांध्याचेच इतके" असं कुणी म्हटलं तर पाकिटावरची छापील किंमत बघायला मागा. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. महाराष्ट्र सरकारनंही सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केलीय. दोन्हीकडे रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. मिरज-कोल्हापूरला जायच्या आधी त्याच्याशी बोलून कागद कोणते लागतात ते विचारा, नाहीतर एक खेप फुकट जाते.

एवढ्या मोठ्या प्रश्नात आईंना स्वतःला काय पाहिजे, हे तुम्ही कुठंच लिहिलं नाही. मागच्या वर्षी एका मावशींना मी विचारलं, गुडघा बरा झाला तर काय करणार? म्हणाल्या, "सौंदत्तीला जायचं. शक्तीमुळं बस फुकट झाली, पण पहिली पायरीच चढायला येईना झालंय." कर्नाटकात बायकांना बस फुकट करणारी शक्ती योजना २०२३ च्या जूनमध्ये आली, पायरी होती तेवढीच उंच राहिली. आम्ही मग घरच्या जोत्याच्या पायरीवर सराव केला, आधी चार इंच, मग विटा लावून वाढवत नेली. चौथ्या महिन्यात सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराचा भंडारा घेऊन आल्या. फोटो त्यांचाही ग्रेड तीनच आहे.

तेव्हा गणपतीला गावी याल त्या वेळी आईंना नीट विचारा. लाकडी खुर्चीवर बसवा, हात छातीवर घ्यायला लावा आणि घड्याळ लावून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभ्या राहतात ते मोजा. त्यांच्या वयाच्या बाईला १२ पेक्षा कमी जमत असेल तर पाय अशक्त झालेत. आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, दिवाळीला पुन्हा मोजा. त्या दोन आकड्यांवरून मला त्यांच्या गुडघ्याबद्दल बरंच काही कळेल. आणि फोटो दाखवायला आणणार असाल तर आधी विचारून घ्या, तो उभं करून काढलाय का. झोपवून काढलेला असेल तर त्यावरून ऑपरेशन ठरवायला कुणाकडे जाऊ नका, माझ्याकडेही नको.